फ्रेजल व्हर्ब वहीत उतरवताना ‘इट’ची जागाही उतरवावी

धागालेखक : जुनीवही

‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’, ‘टर्न’, ‘लुक’ ही क्रियापदे आणि ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘ऑन’, ‘ओव्हर’ ही अव्यये इंग्रजी शिकायला लागल्यापासून पहिल्या दोन-तीन वर्षांतच प्रत्येकाला येतात. त्यांची जोडी जमून फ्रेजल व्हर्ब तयार झाले, की ते वाक्यात वापरताना मात्र एरवी चांगले इंग्रजी लिहिणारेही चाचपडतात. याचे एक कारण मला असे दिसते की, आपण या जोड्या केवळ अर्थाच्या याद्या करून पाठ करतो. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, अशी वही भरत जाते. पण प्रत्यक्ष बोलायची वेळ आली की कर्म कुठे ठेवायचे, याचा त्या वहीत कुठे पत्ता नसतो.

जिथे कर्मच नसते तिथे अडचण नाही. ‘द कार ब्रोक डाउन’, ‘द प्लेन टुक ऑफ’, ‘शी वोक अप’ ही वाक्ये कोणीही सहज बोलतो. प्रश्न येतो तो सकर्मक जोड्यांत. दिवा बंद कर, हे ‘टर्न ऑफ द लाइट’ असेही म्हणता येते आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ असेही. परंतु ‘द लाइट’च्या जागी सर्वनाम आले, की एकच रचना उरते : ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ हे चूक आहे. याउलट ‘लुक आफ्टर द चाइल्ड’ आणि ‘लुक आफ्टर हिम’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, पण ‘लुक हिम आफ्टर’ असे कोणी म्हणत नाही. पहिली जोडी फुटते, दुसरी फुटत नाही.

यावरून मी एक साधी सवय सुचवतो. वहीत ‘टर्न ऑफ’ असे न लिहिता ‘टर्न इट ऑफ’ असे लिहावे. ‘लुक आफ्टर इट’, ‘पुट इट ऑफ’, ‘पुट अप विथ इट’, ‘रन आउट ऑफ इट’, ‘फिगर इट आउट’ अशी प्रत्येक नोंद ‘इट’सह केली, की जोडी फुटते की नाही हे वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही, ते उच्चाराबरोबरच जिभेवर बसते. त्यासाठी एक अक्षरही जास्त पाठ करावे लागत नाही, आणि कोणताही नियम आठवत बसावे लागत नाही.

केवळ व्याकरणाच्या शुद्धतेसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणाला वाटेल. पण सर्वनामाच्या जागेवरून अर्थही पालटतो. ‘आय सॉ थ्रू हिम’ आणि ‘आय सॉ हिम थ्रू’ या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत. पहिल्याचा अर्थ, मी त्याचे ढोंग ओळखले. दुसऱ्याचा अर्थ, अडचणीच्या काळात मी त्याला शेवटपर्यंत साथ दिली. ज्याला साथ दिली त्याच्यावरच संशय घेतल्यासारखे होण्यास ‘हिम’ची एका घराची सरकासरकी पुरते. तसेच ‘टर्न इट ऑन’ म्हणजे सुरू करणे. पण ‘द डॉग टर्न्ड ऑन हिम’ म्हणजे कुत्रा त्याच्यावर उलटला.

कर्म जेव्हा लांबलचक असते, तेव्हा फुटणारी जोडीसुद्धा सहसा फोडत नाहीत. ‘दे कॉल्ड ऑफ द मीटिंग दॅट वॉज प्लॅन्ड फॉर द फर्स्ट वीक ऑफ जून’ हे वाक्य सुरळीत वाटते. यातले ‘ऑफ’ शेवटी नेऊन ठेवले, तर ऐकणारा तिथे पोहोचेपर्यंत ‘कॉल्ड’ विसरलेला असतो. म्हणजे सर्वनाम नेहमी मधे, मोठे कर्म शेवटी, आणि दोन-तीन शब्दांचे कर्म आपल्या सोयीने.

या विषयावर इतरांचे अनुभव आणि आक्षेप वाचायला आवडतील.

प्रतिसाद : खडूफळा

सूचना चांगली आहे आणि वर्गात वापरून पाहण्यासारखी आहे. मात्र शिकवणारा म्हणून दोन शंका मांडतो.

पहिली शंका अशी की, एकाच जोडीचे अनेक अर्थ असतात आणि त्या प्रत्येक अर्थाचे कर्माशी नाते वेगळे असते. ‘टेक ऑफ’ घ्या. विमान उडते तेव्हा कर्म नाही. कोट काढतो तेव्हा ‘टेक इट ऑफ’. एखाद्याचा धंदा जोरात चालू लागला तर पुन्हा कर्म नाही. ‘मेक अप’ म्हणजे भांडण मिटवणेही होते आणि खोटी गोष्ट रचणेही. पैकी रचण्याला ‘इट’ लागते, आणि भांडण मिटवण्याला ते नसले तरी चालते. एका जोडीपुढे एकच ‘इट’ लिहून भागत नाही.

दुसरी शंका औपचारिक लेखनाची. अर्जात, अहवालात किंवा प्रबंधात फ्रेजल व्हर्ब टाळावीत, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत. ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’, ‘फाइंड आउट’ऐवजी ‘डिस्कव्हर’, ‘गो अप’ऐवजी ‘इन्क्रीज’. हा सल्ला तुम्हाला मान्य आहे का?

प्रतिसाद : जुनीवही

पहिली शंका रास्त आहे. तिच्यावर माझे उत्तर इतकेच की, नोंद जोडीची न करता वाक्याची करावी. ‘मेक अप’ अशी एक नोंद आणि तिच्यापुढे चार अर्थ, असे लिहिण्यापेक्षा ‘ही मेड इट अप’ आणि ‘दे मेड अप’ या दोन स्वतंत्र नोंदी असाव्यात. त्यांचा एकमेकींशी संबंध आहे, हे विसरले तरी व्यवहारात काही बिघडत नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी अर्धाच सहमत आहे. परीक्षा पुढे ढकलल्याच्या सूचनेत ‘पोस्टपोन’ शोभते, यात वाद नाही. परंतु ‘कॅरी आउट’, ‘सेट आउट’, ‘अकाउंट फॉर’ ही मंडळी गंभीर अहवालांत आणि शोधनिबंधांत सुखाने नांदतात, तेव्हा सरसकट बंदी घालण्यात अर्थ नाही. शिवाय या बंदीची दुसरी बाजू अधिक त्रासदायक आहे. पुस्तकी क्रियापदांची सवय लागलेला माणूस घरगुती बोलण्यातही तीच वापरतो. ‘आय गॉट अप ॲट सिक्स’ म्हणायच्या जागी ‘आय अरोज ॲट सिक्स’ म्हटले, तर व्याकरण शाबूत राहते, पण ऐकणाऱ्याला ते सहाच्या गजराने उठलेल्या माणसाचे बोलणे न वाटता एखाद्या ऐतिहासिक नाटकातल्या पात्राचे वाटते. ‘गिव्ह अप स्मोकिंग’ला तर सोपा एकशब्दी पर्याय ‘क्विट’ आहे, आणि तो फ्रेजल व्हर्बपेक्षाही अनौपचारिक आहे. तेव्हा दोन शब्द म्हणजे हलके आणि एक शब्द म्हणजे भारदस्त, हे समीकरण टिकत नाही.

प्रतिसाद : अनुवादिका

या चर्चेत मराठीचा उपयोग करून घ्यायला हवा, असे मला वाटते, कारण क्रियापदाला छोटासा जोडीदार देऊन त्याची छटा बदलण्याची कला आपल्याला नवी नाही. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत जो फरक आहे, तोच जवळजवळ ‘ईट इट’ आणि ‘ईट इट अप’ यांत आहे. ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’, ‘टेअर अप’ या सर्वांतले ‘अप’ म्हणजे आपले ‘टाकणे’ होय : काम पुरते संपवणे, मागे काही न ठेवणे. एखाद्याच्या तोंडून नको ते निघते तेव्हा आपण ‘तो बोलून गेला’ म्हणतो. इंग्रजीत ‘ही ब्लर्टेड इट आउट’.

‘राइट’ या एकाच क्रियापदाकडे थोडे जवळून पाहावे. कोणी दूरध्वनीवर पत्ता सांगत आहे आणि तुम्ही तो लिहून घेत आहात : ‘राइट इट डाउन’. एखादी गोष्ट पूर्णपणे, काही न गाळता लिहून काढायची आहे : ‘राइट इट आउट’. बैठकीत घाईने केलेल्या तुटक टिपणांवरून नंतर बसून व्यवस्थित वृत्तांत तयार करायचा आहे : ‘राइट इट अप’. दिलेले कर्ज आता परत येणार नाही असे धरून ते निर्लेखित करायचे आहे : ‘राइट इट ऑफ’. पहिल्या दोन ठिकाणी मराठीतही जोडीदार आहे, ‘घेणे’ आणि ‘काढणे’. तिसऱ्या ठिकाणी मराठीला सबंध वाक्यांश लागतो आणि चौथ्या ठिकाणी संस्कृत शब्दाचा आधार घ्यावा लागतो. म्हणजे आपल्या भाषेचा हात धरून निम्मी वाट चालता येते. पुढची वाट इंग्रजीच्याच सोबतीने चालायची.

अव्ययांचे ढोबळ स्वभाव मनात असले, तर नवखी जोडी भेटल्यावर गडबडायला होत नाही. ‘ऑन’मध्ये चालू राहणे असते : ‘कॅरी ऑन’, ‘कीप ऑन’. ‘ऑफ’मध्ये सुटणे, तुटणे, निघणे : ‘कट ऑफ’, ‘सेट ऑफ’, ‘लॉग ऑफ’. ‘आउट’मध्ये संपून जाणे : ‘रन आउट’, ‘डाय आउट’, ‘वेअर आउट’.

प्रतिसाद : जुनीवही

‘राइट’चे उदाहरण मी माझ्या वहीत उतरवून घेतले आहे. तरीही अव्ययांच्या स्वभावावर फार विसंबू नये, असे सुचवतो. कागद ‘बर्न्स अप’ आणि घर ‘बर्न्स डाउन’, पण दोन्हींची राखच होते. अर्ज ‘फिल इन’ करा किंवा ‘फिल आउट’ करा, रकाने तेच भरायचे असतात; अमेरिकेत ‘फिल आउट’ अधिक चालते आणि ब्रिटनमध्ये ‘फिल इन’, इतकाच फरक. आणि ‘अप’ने काम संपते हे सूत्र धरून कोणी ‘ब्रिंग अप’कडे गेला, तर त्याला एकीकडे मूल वाढवणे आणि दुसरीकडे चर्चेत विषय काढणे असे दोन अर्थ भेटतील, आणि त्यांत ‘टाकणे’ कुठेच सापडणार नाही. अर्थ कळल्यानंतर अव्ययाचे कारण पटते. कारणावरून अर्थ हुडकायला गेले, की फसगत होण्याची शक्यता अधिक.

प्रतिसाद : कानसेन

सर्व चर्चा लिखित इंग्रजीवर चालली आहे, म्हणून उच्चाराविषयी थोडे लिहितो. फुटणाऱ्या जोडीत आघात बहुधा अव्ययावर येतो. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना ‘ऑफ’ ठसक्यात उच्चारतात, आणि ‘इट’ जवळजवळ गिळून टाकतात. याउलट ‘लुक ॲट इट’मध्ये जोर ‘लुक’वर असतो आणि ‘ॲट’ दबून जाते. मराठी बोलणाऱ्याला सर्व शब्द सारख्या वजनाने उच्चारायची सवय असते, त्यामुळे आपले ‘टर्न इट ऑफ’ शुद्ध असूनही सपाट ऐकू येते.

हीच जोडी नाम झाली, की जोर पहिल्या शब्दावर सरकतो. गाडी ‘ब्रेक्स डाउन’ होते तेव्हा जोर ‘डाउन’वर आणि त्या घटनेला ‘ब्रेकडाउन’ म्हणतात तेव्हा जोर ‘ब्रेक’वर. लिहितानाही क्रियापद दोन शब्दांत आणि नाम जोडून किंवा संयोगचिन्हाने लिहितात.

प्रतिसाद : तंत्रलेखक

कानसेन यांच्या शेवटच्या वाक्याशी माझा रोजचा संबंध येतो, कारण संगणक प्रणालींची माहितीपुस्तके लिहिणे हेच माझे काम आहे. बटणावर ‘लॉग इन’ हे दोन शब्द हवेत, कारण ती कृती आहे. पण ‘युअर लॉगिन हॅज एक्स्पायर्ड’मध्ये एक शब्द हवा, कारण ते नाम आहे. ‘सेट अप’ आणि ‘सेटअप’, ‘बॅक अप’ आणि ‘बॅकअप’, ‘साइन अप’ आणि ‘साइनअप’ यांचेही तसेच. भूतकाळ करून पाहिला, की शंका मिटते : ‘लॉग्ड इन’ होते, ‘लॉगिन्ड’ होत नाही. प्रत्यय नेहमी पहिल्या शब्दाला लागतो.

मराठीत हे शब्द बहुतांशी नामे म्हणूनच आले, आणि गोंधळाचे मूळ तिथेच असावे असा माझा कयास आहे. आपण ‘लॉगिन करतो’, ‘बॅकअप घेतो’, ‘चेकआउट करतो’, आणि कोणाचे तरी ‘ब्रेकअप होते’. मराठीत हे सोयीचे आहे आणि त्यात गैर काही नाही. पण हीच माणसे इंग्रजी बोलताना ‘दे डिड ब्रेकअप’ म्हणून जातात, कारण त्यांच्या डोक्यात ती अखंड वस्तू असते. ‘दे ब्रोक अप’ असे तिचे दोन तुकडे करता येतात, हे त्यांना सुचतच नाही. जुनीवही यांची ‘इट’ची युक्ती इथे फार कामाची आहे. ‘बॅक इट अप’ असे एकदा तोंडात बसले, की त्या दोन शब्दांमधली फट कायमची दिसू लागते.

प्रतिसाद : पायवाट

‘कोप अप विथ’ बरोबर की चूक? आमच्या कार्यालयातले सर्वजण तसेच लिहितात. आणि ‘डिस्कस अबाऊट’?

प्रतिसाद : खडूफळा

दोन्ही चूक. ‘कोप विथ इट’ एवढेच पुरेसे आहे. ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’ आणि ‘पुट अप विथ’ या तिघांच्या संगतीने त्यात ‘अप’ घुसले असावे. ‘डिस्कस’ला थेट कर्म लागते, ‘डिस्कस इट’; ‘अबाऊट’ हे ‘टॉक अबाऊट’कडून उसने आले आहे. ‘रिटर्न बॅक’मध्येही ‘बॅक’ फुकटचे आहे. एक सावधगिरीही सांगतो. पदवी मिळवण्याला आपण सर्रास ‘पास आउट’ म्हणतो, पण ब्रिटन-अमेरिकेतल्या सामान्य ऐकणाऱ्याला त्यातून शुद्ध हरपणे हा अर्थ कळतो. सैन्यातल्या प्रशिक्षणार्थींच्या दीक्षान्त संचलनाला ‘पासिंग आउट परेड’ म्हणतात, तेवढ्या संदर्भात तो प्रयोग ब्रिटनमध्येही आहे; इतरत्र ‘ग्रॅज्युएट’ म्हणावे.

प्रतिसाद : अनुवादिका

इतिहासाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहिते. फ्रेजल व्हर्बचा त्रास परकीयांनाच होतो, हे इंग्रजांनाही फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत, क्रियापदापुढे अव्यय जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परकीयांना सर्वाधिक अवघड जाते, असे नमूद केले आहे. गंमत अशी की, त्या काळी या प्रकाराला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नावच नव्हते. ते नाव लेखक लोगन पिअर्सॉल स्मिथ यांनी 1925 साली छापील लेखनात रूढ केले, आणि ते ऑक्सफर्ड शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे सांगितले.

प्राचीन इंग्रजीत असे अव्यय बहुधा क्रियापदाच्या आधी जोडलेले असे, जसे संस्कृतात ‘हृ’ धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार होतात. 1066 साली फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबार, न्यायालये आणि विद्वत्ता यांच्या वर्तुळात फ्रेंच आणि लॅटिन क्रियापदे शिरली, आणि जुनी उपसर्गयुक्त क्रियापदे मागे पडत गेली. ‘पोस्टपोन’ भारदस्त आणि ‘पुट ऑफ’ घरगुती वाटण्यामागे हा इतिहास आहे. अव्यय क्रियापदानंतर येण्याची रीत रुळली ती मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात; त्याला नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेच्या सहवासानेही हातभार लावला, असे अनेक अभ्यासक मानतात.

जुन्या रीतीचे अवशेष आजही आहेत, आणि त्यांच्यामुळे शिकणाऱ्याची दांडी उडते. ‘ओव्हरटेक’ म्हणजे मागून येऊन पुढे निघून जाणे, तर ‘टेक ओव्हर’ म्हणजे ताबा घेणे. न्यायालय निर्णय ‘अपहोल्ड’ करते, म्हणजे कायम ठेवते. वाहतूक ‘हेल्ड अप’ होते, म्हणजे खोळंबते. एखादी व्यक्ती शस्त्रक्रिया ‘अंडरगो’ करते, पण कंपनी ‘गो अंडर’ झाली तर तिचे दिवाळे निघालेले असते. तेच दोन तुकडे, केवळ क्रम बदललेला.

प्रतिसाद : पायवाट

आणखी एक विचारतो आणि थांबतो. पत्राच्या शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असे लिहिले, तर ते ‘मीटिंग’ असे दुरुस्त करून परत येते. ‘टू’नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते, असेच आम्ही शिकलो होतो. मग इथे ‘मीटिंग’ का?

प्रतिसाद : जुनीवही

याही ठिकाणी ‘इट’ ठेवून पाहावे. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ हे वाक्य पूर्ण आणि अर्थपूर्ण आहे. म्हणजे या ‘टू’ला पुढे नाम हवे आहे, आणि क्रियापद आणायचेच असेल, तर त्याला ‘इंग’ लावून नामाच्या वेषात आणावे लागते. ‘आय वॉन्ट टू इट’ असे मात्र म्हणता येत नाही, म्हणून तिथे ‘वॉन्ट टू मीट’. ‘यूज्ड टू’च्या बाबतीत अनेकांचा गोंधळ होतो, तोही असाच सोडवता येतो. ‘आय ॲम यूज्ड टू इट’ चालते, म्हणून ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’, म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे. ‘आय यूज्ड टू’च्या पुढे ‘इट’ बसत नाही, म्हणून ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’, म्हणजे पूर्वी मी लवकर उठत असे. ‘ऑब्जेक्ट टू’ आणि ‘गेट राउंड टू’ या दोघांनाही हीच कसोटी लावून पाहावी. दोन्ही ठिकाणी ‘इट’ बसते.